पथदिव्यांचे मॉडेल ओळखायला शिकताना

पथदिव्याचं मॉडेल ओळखण्यात मोठी अडचण म्हणजे नावाची पट्टी. ती बहुधा झाकणाच्या आत असते आणि दिवा खांबाच्या टोकाला. खांबाला हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. त्यामुळे जे कळायचं ते खालूनच, दुर्बीण आणि झूमवाल्या कॅमेऱ्यातून.

सुरुवात उजेडापासून केली. सोडियम दिव्याचा सोनेरी-नारिंगी आणि मर्क्युरी (पाऱ्याच्या वाफेच्या) दिव्याचा निळसर-हिरवट पांढरा लगेच वेगळे करता येतात. मेटल हॅलाइड (पाऱ्यासोबत इतर धातूंचे क्षार घातलेला पांढरा दिवा) आणि पांढरा एलईडी मात्र लांबून सारखेच वाटतात. तिथे जुनी सीडी कामी आली. ती तिरकी धरून दिव्याचं प्रतिबिंब पाहिलं की उजेडातले रंग सुटे होतात. एलईडीचा पट्टा सलग दिसतो, मेटल हॅलाइडच्या, तशाच मर्क्युरीच्या, ठळक रेषा वेगवेगळ्या उमटतात. कमी दाबाच्या सोडियम दिव्यात तर पिवळ्याशिवाय जवळजवळ काहीच नसतं. ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या त्याच्या दोन रेषा इतक्या लगत असतात की सीडीवर एकच दिसते.

दिवे लागण्याची वेळ चुकवू नये असं मी आवर्जून सांगेन. कमी दाबाचा सोडियम दिवा आतल्या निऑनमुळे आधी लाल होतो, मग हळूहळू पिवळा. उच्च दाबाच्या सोडियमलाही पूर्ण तेजाला यायला काही मिनिटं लागतात. एलईडी लगेच लख्ख. एखादा सोडियम दिवा रात्रभर लागत-विझत असेल, तर बहुतेक वेळा त्याचा बल्ब संपत आलेला असतो: त्याला लागणारा व्होल्टेज वाढतो, चोक तेवढा पुरवू शकत नाही, दिवा विझतो आणि निवला की पुन्हा पेटतो.

पण बल्ब कळला म्हणजे मॉडेल कळलं असं नाही. एकाच साच्याची फिटिंग आधी मर्क्युरीसाठी आणि पुढे सोडियमसाठी विकली गेल्याची उदाहरणं आहेत. म्हणून त्याच खांबाखाली दिवसाही जावं लागतं. काच खोलगट की सपाट, बिजागरी पुढे की मागे, खिट्टी कशी आहे, फोटोसेल (अंधार-उजेड ओळखून दिवा चालू-बंद करणारा भाग) माथ्यावर आहे का, हे मी दर वेळी ठरलेल्या क्रमाने पाहते. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या एम-२५० आणि एम-४०० या मॉडेलांचा चेहरामोहरा भावंडांसारखा, फरक मुख्यतः आकाराचा. पण फोटोमध्ये आकाराचा अंदाज येत नाही. पिळून बसवायचे फोटोसेल साधारण एकाच मापाचे असतात, म्हणून मी त्यालाच मोजपट्टी मानते. अमेरिकेतल्या दिव्यांच्या पोटावर तर रंगीत आकडाच चिकटवलेला असतो. पिवळा म्हणजे उच्च दाबाचा सोडियम, निळा मर्क्युरी, लाल मेटल हॅलाइड. आणि २५ म्हणजे २५० वॅट.

जुने कॅटलॉग मिळाले की त्यांच्याशी ताळा करते. कॅटलॉगवरच्या सालावरून तेव्हा ते मॉडेल विक्रीला होतं, एवढंच सिद्ध होतं. खांबावरचा दिवा त्याच साली लागला असं नव्हे. माझ्या नोंदीत म्हणूनच ‘खात्री’ आणि ‘अंदाज’ असे दोन रकाने आहेत. सोबत खालून, बाजूने, पेटलेला आणि विझलेला असे फोटो.

युरोपीय संघात २०१५ पासून मर्क्युरीचे दिवे बाजारात आणणं थांबलं, आणि एलईडी तर सगळीकडेच सोडियमची जागा घेतोय. त्यामुळे नव्या रस्त्यावर गेले की आधी मर्क्युरी, मग कमी दाबाचा सोडियम, याच क्रमाने फोटो काढते. एलईडी शेवटी.