लाभ, दोन, तीन, चार

लातुरात माझा स्टुडिओ एका पिठाच्या गिरणीवर आहे. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली, भिंतींना गोधड्या, खिडकीला जुनी गादी आणि एक बरा कंडेन्सर माईक. खाली गिरणी चालू झाली की गायकाच्या आवाजात ज्वारी दळली जाते. त्यामुळे रेकॉर्डिंग दुपारी एक ते चार, गिरणीवाले जेवून आडवे होतात तेवढ्यात. पंखाही बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात इथं भलेभले गायक बनियनवर गायलेत.

गिऱ्हाईक ठरलेलं. फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलात भीमगीतं, लग्नसराईत हळदीची गाणी, श्रावणात भजनी मंडळं. निवडणूक लागली की प्रचारगीतं, त्यात चाल तीच ठेवून उमेदवाराचं नाव तेवढं बदलायचं. त्याआधी पंधरा वर्षं मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचो. सूर चुकला तर माझं चालून जातं, पण ताल हलला की मला बसवत नाही. ही माझी खोड म्हणा नाहीतर घमेंड.

हा पोरगा आला तो डब्यांची पिशवी खांद्याला अडकवून. एकोणीस वर्षांचा. ट्यूशन एरियात डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना मेसचे डबे पोचवतो.

"रॅप करायचाय सर. तासाला किती?"

लातुरात शिकवण्या एवढ्या झाल्यात की दर दुसरा माणूस सर असतो, त्यात मीही आलो. चारशे सांगितले. त्यानं दोन तासांचे पैसे आधीच टेबलावर ठेवले, सगळ्या पन्नासच्या नोटा.

आतापर्यंतची त्याची कारकीर्द म्हणजे तीन गाणी. तिन्ही मोबाईलवर, पांघरुणात डोकं खुपसून रेकॉर्ड केलेली. सगळ्यात जास्त बघितलेलं गाणं दोनशे बारा लोकांनी. बाकी मेसच्या गच्चीवर वाढदिवस असला की पोरं म्हणायला लावतात. बीट, म्हणजे मागं वाजणारं तालाचं संगीत, नेटवरून फुकट उतरवलेलं होतं. फुकट म्हणजे त्यावर पैसे कमवायचे नाहीत, आणि दर अर्ध्या मिनिटाला एक परदेशी बाई मध्येच येऊन ते बनवणाऱ्याचं नाव सांगते. मी म्हणालो, विकत घे बाबा. म्हणाला, "डब्यातून सुटले की घेतो."

हे खूळ कुठून आलं विचारल्यावर त्यानं जनरल नॉलेजचं उत्तर द्यावं तसं सांगितलं: 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, कूल हर्क नावाच्या डीजेनं बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्यांवर गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा लांबवला, तिथून सगळं सुरू. आमच्याकडं असं काही निघालं की लोक लगेच एकनाथांच्या भारुडाशी नातं लावतात, पैठण मराठवाड्यातच ना. मला ते पटत नाही. भारुडात समोर माणसं बसलेली असतात, ती हसतात, मागं टाळ असतो. हा पोरगा कानाला हेडफोन लावून गोधडीला सांगत असतो.

कागद नव्हता. लिहीत नाही म्हणाला. सायकलवर बसून ओळ करायची, पुढच्या बिऱ्हाडापर्यंत ध्यानात राहिली तर ठेवायची, नाही राहिली तर ती ओळ त्या लायकीची नव्हती.

बीट मिनिटाला 140 ठोक्यांचं होतं, पण चालतं 70 सारखं, जड. मी रेकॉर्ड दाबलं. त्यानं डोळे मिटून चार मोजले.

"लाभ, दोन, तीन, चार."

मला वाटलं घसा साफ करतोय. मग ओळी सुरू झाल्या. 2016 सालचं पाणी. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तो चौथीत होता. पहिल्या खेपेला दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर, आणि स्टेशनवर ही गर्दी.

"गाडी आली पाण्याची, फोटोला गर्दी झाली,
आमच्या गल्लीत टँकर आला तव्हा पहाट झाली.
आई बसली घागरीवर, मी बसलो आईपाशी,
नंबर आला तव्हा पाणी निम्मं आमच्यापाशी."

शब्द चांगले होते. पण पोरगा तालाच्या मागं पडत होता. प्रत्येक ओळ बीट पडून गेल्यावर यायची, केसभर उशिरा. मला आधी माझ्याच यंत्राचा संशय आला. बफर, म्हणजे संगणक आवाज थोडा साठवून मग पुढं सोडतो तो साठा, 1024 वर होता, म्हणजे तिथंच जवळपास 23 मिलिसेकंद गेले. तो 128 वर आणला, केबल बदलली, पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच. तेव्हा मनात म्हटलं, पोराला ताल नाही, पण पैसे आधी दिलेत, आपण नीट करून देऊ.

रात्री जेवण झाल्यावर बसलो. एकेक शब्द कापला आणि पडद्यावर तालाच्या रेघा असतात त्या ग्रीडच्या रेघेवर नेऊन ठेवला. चाळीस मिलिसेकंद पुढं, पस्तीस पुढं. अडीच वाजेपर्यंत गाणं असं बसलं की खिळा ठोकावा. प्रचारगीतांनी हार्डडिस्क तुडुंब भरली होती, म्हणून मूळ टेक, म्हणजे त्यानं म्हटलेलं जसंच्या तसं रेकॉर्डिंग, पुसून टाकले. खरं सांगतो, त्या रात्री मी स्वतःवर जाम खूश होतो.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता, डबे संपवून तो आला. हेडफोन लावला. चार ओळी ऐकल्या आणि काढून ठेवला.

"ह्ये कोन म्हणूलालाय सर?"

"तूच की."

"मी न्हाई. तुम्ही काय केलाव?"

मी समजावलं. पडद्यावरच्या रेघा दाखवल्या, ऑर्केस्ट्रातली पंधरा वर्षं सांगितली. तो ऐकून घेत होता. मग उठला, कोपऱ्यातली माझी जुनी स्पीकरची पेटी, तीस किलोची तरी असेल, पाठीवर घेतली आणि खोलीत चालू लागला.

"बाप आडतीवर हमाल हाय माझा. सोयाबीनचा कट्टा पाठीवर पडला की माणूस लगेच पाऊल टाकत न्हाई. आधी वजन बसू देतो. मग पाऊल. बगा."

पेटी खाली ठेवायला सांगितलं तरी ठेवेना. चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं, आणि त्याच चालीवर गाणं म्हणत. पाऊल पडायचं, शब्द यायचा. आणि बीट? मी हळूच प्ले दाबलं. बीट पडत होता तो कट्टा. शब्द म्हणजे पाऊल. त्यात चूक अशी नव्हतीच. उशीर प्रत्येक ओळीत तेवढाच होता, आणि एवढा सारखा उशीर करणं मला ऑक्टोपॅडवर आयुष्यात जमलं नसतं.

मूळ टेक पुसल्याचं सांगणं भाग होतं. सांगितलं. तो काही बोलला नाही, भिंतीवरच्या गोधडीचा एक धागा ओढत राहिला. अडीच वाजले होते. गिरणी चारला सुरू.

"पैशे?" त्यानं विचारलं.

"आजचे नाहीत."

मग घाईला लागलो. पहिला टेक कालच्यापेक्षा वाईट झाला, कारण आता त्याला आपण उशिरा म्हणतोय हे ठाऊक झालं होतं आणि तो मुद्दाम उशीर करू लागला. ते लगेच कळतं. दुसरा तसाच. तिसऱ्याला वीज गेली. अर्धा तास अंधारात बसलो, घामाघूम. तेवढ्यात विचारलं, ते लाभ काय आहे.

"थप्पी मोजताना बाप पयल्या कट्ट्याला एक म्हणत न्हाई. लाभ म्हणतो. आज्ज्या बी खळ्यावर पयल्या मापाला लाभच म्हणायचा."

हे मलाही माहीत होतं. माझ्या आजोळी धान्य मोजताना ऐकलेलं. तीस-पस्तीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

वीज आली तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. मी टकटक ताल देणारा मेट्रोनोम बंद केला आणि पडदाही फिरवून ठेवला, रेघा दिसायला नकोत म्हणून. त्यानं पेटी पुन्हा पाठीवर घेतली. माईकसमोर पेटी घेऊन उभं राहून रेकॉर्डिंग केलेला गायक मी अजून दुसरा पाहिलेला नाही. श्वास मोठा येत होता, एरवी मी तो कापतो. एका दमात सगळं गाणं झालं. चारला दहा कमी असताना खाली शटर वाजलं.

संध्याकाळी त्याला हात न लावता फक्त आवाज वरखाली केला, थोडा घुमारा दिला आणि सवयीप्रमाणे सुरुवातीची मोजणी कापून फाईल पाठवली. मोजणी कुणीच ठेवत नाही.

रात्री साडेदहाला फोन. मागं भांडी घासल्याचा आवाज, मेसमध्येच असावा.

"सर, गाणं बराबर झालंय. लाभ कापलाव का?"

"ती मोजणी आहे रे."

"ती पन म्हणलेलीच हाय की."

उठलो, संगणक लावला, आणि कापलेला तुकडा जागेवर बसवला. गाणं साडेतीन सेकंदांनी वाढलं.