असू दे उघडी

परवा काम थांबवताना पडद्यावरच्या खिडक्या सहज मोजल्या. एक्केचाळीस निघाल्या. त्यातल्या सातांच्या डोक्यावर नुसतं 'वर्कस्पेस' लिहिलेलं, म्हणजे कच्चं काम करायची पाटी. एकीत दोन ओळींची आकडेमोड होती, एकीत काहीच नव्हतं. आणि सगळ्यांच्या तळाशी एक डीबगर (चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते बघायची खिडकी), मागच्या मंगळवारी उघडलेला.

मंगळवारचा डीबगर आजपर्यंत टिकलाच कसा, असं इतर प्रोग्रॅमिंग भाषांत काम करणाऱ्यांना वाटेल. तिकडे फायली लिहायच्या, प्रोग्रॅम चालवायचा, तो संपला की आतलं सगळं विरून गेलं. मी स्क्वीकमध्ये काम करतो. स्क्वीक म्हणजे १९९६ साली आलेलं, स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेचं एक रूप. इथे फायलींच्या जागी एक 'इमेज' असते. आपला कोड, त्यातून घडलेले जिवंत ऑब्जेक्ट, मध्येच थांबलेल्या प्रोसेस (चालू कामं) आणि पडद्यावरच्या खिडक्या, सगळं तिच्यातच. इमेज सेव्ह केली की हा सगळा संसार आहे तसा गोठतो आणि पुन्हा उघडली की तिथून पुढे चालू होतो. मशीन बंद करून सुरू केलं की सुटलो, ही सोय आमच्यात नाही. रात्री टाकून गेलेला पसारा सकाळी तसाच समोर बसलेला असतो, हाताची घडी घालून.

बरं, एवढ्या खिडक्या होतात कशा? मुद्दाम कोणी उघडत नाही. एक मेथड, म्हणजे कोडचा एक छोटा तुकडा, वाचत असतो. हिला बोलावतं कोण, म्हणून 'सेंडर्स' विचारतो. नवी खिडकी. त्यातल्या तिसऱ्या ओळीत एक अनोळखी मेसेज दिसतो. तो कोणकोणत्या क्लासमध्ये (ऑब्जेक्टच्या साच्यात) लिहिलाय, म्हणून 'इम्प्लिमेंटर्स'. आणखी एक खिडकी. एका ऑब्जेक्टच्या पोटात काय आहे ते बघायला इन्स्पेक्टर, त्याच्या पोटातल्या यादीसाठी दुसरा इन्स्पेक्टर. प्रत्येक पाऊल अगदी शहाणपणाचं. फक्त अर्ध्या तासाने आपण निघालो कुठून होतो, ते सांगता येत नाही. ती पहिली मेथड अकरा खिडक्यांखाली गाडली गेलेली असते. ती शोधण्यापेक्षा नवीन ब्राउझर उघडणं सोपं. (इथे ब्राउझर म्हणजे इंटरनेटचा नव्हे, क्लास आणि मेथडी चाळायचा.) म्हणजे बारावी. अशी एकच मेथड एकदा मला चार ठिकाणी उघडी सापडली होती, आणि त्यातल्या दोन ठिकाणी मी ती वेगवेगळ्या तऱ्हेने दुरुस्त करत होतो.

घरातली खिडकी उघडली तर पलीकडचं दिसतं. ही खिडकी उघडली तर मागचं झाकतं. नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण एकीवर एक पडणाऱ्या खिडक्यांची कल्पना मात्र आमच्याच घरातली. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांच्या मंडळींनी स्मॉलटॉक घडवताना ती रुजवली. त्यांचा ऑल्टो संगणक १९७३ चा. त्याचा पडदा उभ्या कागदासारखा, ६०६ बाय ८०८ ठिपक्यांचा. एवढ्याशा जागेत खूप काही मांडायचं तर टेबलावरच्या कागदांसारखं एकावर एक ठेवा. कल्पना सुरेखच होती. पण टेबलावरच्या कागदांचं पुढे काय होतं, हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या १९८५ सालच्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या फरशांसारख्या शेजारी शेजारी बसायच्या, एकमेकींवर चढायच्या नाहीत. १९८७ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि तिथेही त्या चढू लागल्या. तेव्हा लोक याला प्रगती म्हणाले. मीही म्हणालो असतो.

गंमत म्हणजे या दुखण्याचं निदानही त्याच पार्कमध्ये झालं. ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड या दोघांनी १९८६ मध्ये 'रूम्स' नावाची व्यवस्था मांडली. संगणकाची मेमरी अपुरी पडली की तो एक पान आत आणायला दुसरं बाहेर काढतो, मग बाहेर काढलेलंच पुन्हा लागतं, आणि खरं काम बाजूला राहून नुसती ने-आण चालू राहते. याला 'थ्रॅशिंग' म्हणतात. त्यांचं म्हणणं, छोट्या पडद्यापुढे बसलेल्या माणसाचं हेच होतं: ही खिडकी सरकव, ती वर आण, पुन्हा पहिली शोध. उपाय असा की प्रत्येक कामाला वेगळी खोली द्या आणि तिच्यात त्या कामापुरत्याच खिडक्या ठेवा. आज जवळजवळ प्रत्येक संगणकात जे व्हर्च्युअल डेस्कटॉप असतात, ते याच घराण्यातले.

मी लगेच चार डेस्कटॉप केले. आता माझ्याकडे चार पसारे आहेत.

दुसऱ्यांच्या घरी डोकावून झालं. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये फाइलवर एकदाच क्लिक केलं तर टॅबवर तिचं नाव तिरक्या अक्षरांत येतं. म्हणजे पाहुणी आहे, पुढची फाइल आली की ही उठून तिला जागा देईल. ही युक्ती मला फार आवडते, तिच्यात एक अदब आहे. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये 'मिडनाइट' नावाची सोय आहे. ती चालू केली तर तीन दिवस ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही असा बफर (उघडून ठेवलेला मजकूर) मध्यरात्री गुपचूप काढून टाकला जातो. ही वाचून मात्र माझ्या पोटात गोळा आला. बरेच दिवस न वापरलेलं आधी काढा, हा नियम मेमरीला ठीक आहे. पण सर्वांत चांगला नियम १९६६ मध्येच लास्लो बेलाडी यांनी मांडून ठेवलाय: जे पुढे सर्वांत उशिरा लागणार, ते काढा. त्यासाठी फक्त भविष्य कळावं लागतं. मला एवढंच कळतं की मी जी खिडकी बंद करेन ती दहा मिनिटांत लागेल.

खरं तर खिडकीतला मजकूर हरवायची भीती मुळीच नसते. मेथड इमेजमध्ये सुखरूप असते आणि तिच्या जुन्या आवृत्त्याही चेंजेस फाइलमध्ये नोंदलेल्या असतात. हरवतो तो प्रश्न. ही खिडकी मी का उघडली होती, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं. तिचं उघडं असणं हीच त्याची एकमेव नोंद. म्हणून हात फुलीपाशी जातो आणि मागे येतो. असू दे उघडी, काहीतरी कारण असेल.

तर परवा धीर केला. स्क्वीकच्या मेन्यूत एक दयाळू आज्ञा आहे: ज्यांत काहीच बदल केलेला नाही अशा खिडक्या बंद कर. एका क्लिकमध्ये एकतीस गेल्या. त्यातल्या एकीचीही मला आठवण आली नाही, याचं थोडं वाईटच वाटलं. उरलेल्यांत मी अर्धवट टंकलेलं काहीबाही होतं. एका मेथडच्या शेवटी चौकोनी कंस उघडून सोडलेला. त्या कंसाकडे मी बराच वेळ पाहत बसलो. नक्कीच काहीतरी हुशारीचं लिहिणार होतो, कारण वर टिप्पणीत मीच 'सोपं आहे' असं लिहून ठेवलं होतं. ती पुसली. मग वर्कस्पेस. आकडेमोडीचं उत्तर बरोबर होतं, कशाचं ते माहीत नाही.

शेवटी मंगळवारचा डीबगर. कोडमध्ये हॉल्ट, म्हणजे 'इथे थांब' अशी आज्ञा, घालून मीच एक हिशेब मध्येच तपासायला अडवला होता. मग कोणीतरी काहीतरी विचारलं असेल, मी 'आलोच' म्हणालो असेन. तेव्हापासून ती प्रोसेस तिथेच उभी होती. इमेज चार वेळा बंद झाली, उघडली. हिला पत्ताच नाही. बंद करण्यापेक्षा 'प्रोसीड', म्हणजे 'पुढे चल', दाबून बघू म्हटलं. खिडकी आपोआप मिटली, हिशेब पुरा झाला आणि ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने छापलेलं दिसतं त्या खिडकीत, एक ओळ उमटली. काम सुरू झाल्याची वेळ: मंगळवार, दुपारचे ४ वाजून ४० मिनिटं.

ट्रान्स्क्रिप्टची ती खिडकी अजून उघडी आहे.