अ‍ॅस्बेस्टॉस, आईचा आजार आणि नानांचा दावा

आईला पहिल्यांदा दम लागला तो २०२१ च्या पावसाळ्यात. नाशिकमधल्या सातपूरच्या भाजीबाजारातून घरी येईपर्यंत ती दोनदा कट्ट्यावर टेकली आणि वय झाले म्हणून तिने तो विषय तिथेच संपवला. महिनाभराने उजव्या कुशीत दुखू लागले. एक्स-रे काढला तेव्हा उजव्या फुप्फुसाभोवती पाणी भरलेले दिसले. आपल्याकडे छातीत पाणी झाले की पहिला संशय क्षयाचा घेतला जातो, आणि दहांतल्या बऱ्याच वेळा तो खराही असतो. त्यामुळे पाणी काढून क्षयाची औषधे सुरू झाली, त्यात साडेचार महिने गेले. पाणी पुन्हा पुन्हा भरत राहिले. शेवटी आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने तिला टाटाला घेऊन गेलो. तिथे दुर्बिणीतून फुप्फुसावरणाचा तुकडा घेतला आणि पंधरा दिवसांनी अहवालावर शब्द आला, मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसावरणाचा कर्करोग.

अहवाल समजावून सांगताना डॉक्टरांनी आईला विचारले, "घरात कोणी अ‍ॅस्बेस्टॉसचे काम करत होते का?" आईला शब्द कळला नाही. तिने नानांकडे, माझ्या वडिलांकडे, पाहिले. नाना भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "मी करत होतो. लॅगिंगचे."

नानांनी १९७३ ते १९९६ अशी तेवीस वर्षे बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर लॅगिंग, म्हणजे उष्णता आत राखणारे वेष्टण, चढवले. ठेकेदाराकडचे काम होते. हंगाम संपला की साखर कारखान्यांच्या बॉयलरची दुरुस्ती निघे, मधल्या काळात वीज केंद्रे आणि अंबड-सातपूरचे कारखाने असत. पिंपात पांढरी पूड ओतायची, पाणी घालून हाताने कणकेसारखी मळायची, नळीवर थापायची, वरून जाळी आणि कापड गुंडाळायचे. जुने लॅगिंग काढायचे असेल तर छिन्नी-हातोडीने फोडायचे, आणि त्या वेळी शेजारचा माणूस दिसत नसे इतकी धूळ उडे, असे नाना सांगतात. तोंडाला रुमाल असे, तोही स्वतःचाच. त्या पुडीला आमच्या घरात सगळे कापूस म्हणत.

संध्याकाळी नाना आले की आई त्यांचा खाकी शर्ट मागच्या अंगणात नेऊन धुण्याच्या दगडावर दोनदा आपटून झटकत असे, कारण तसाच भिजवला तर बादलीच्या तळाशी पिठासारखा थर बसे. उन्हात ते पांढरे तंतू तिच्या केसांवर उतरत. नानांनी आणलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या दोरीची तिने चुंबळ केली होती. गरम पातेले उतरवून तिच्यावर ठेवत असे, कारण ती कधीच जळत नव्हती. लहानपणी मी त्या चुंबळीचे धागे उपसत बसायचे.

हा आजार का होतो ते मला आईच्या आजारपणात शिकावे लागले. अ‍ॅस्बेस्टॉस हे एकच द्रव्य नव्हे. खाणीतून निघणाऱ्या सहा तंतुमय खनिजांना मिळून ते नाव आहे. पांढरा, तपकिरी आणि निळा हे त्यांतले उद्योगात सर्वाधिक वापरले गेलेले प्रकार होत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सगळेच प्रकार माणसात कर्करोग निर्माण करणारे म्हणून पहिल्या गटात ठेवले आहेत. हे तंतू उभे चिरत जातात आणि इतके बारीक होतात की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात, पण लांब तंतू त्यांना गिळता येत नाही आणि विरघळवताही येत नाही. त्या जागी वर्षानुवर्षे दाह होत राहतो. फुप्फुस आतून घट्ट होत गेले तर त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. कर्करोग फुप्फुसाचा असू शकतो, किंवा फुप्फुसाभोवतीच्या नाहीतर पोटातल्या आवरणाचा, म्हणजे मेसोथेलिओमा. तंतू शरीरात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण वीस ते पन्नास वर्षे जातात. आईचे लग्न १९७६ साली झाले आणि निदान २०२२ च्या आरंभी झाले.

कपडे धुणाऱ्या बायकांना हा आजार होतो, हे वैद्यकाला नवीन नाही. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातले ३३ रुग्ण नोंदवले गेले, त्यात खाणीत कधीच न उतरलेली माणसेही होती. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी एका रुग्णालयातल्या मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांचा पूर्वेतिहास तपासला. त्यांतल्या नऊ जणांनी स्वतः अ‍ॅस्बेस्टॉसचे काम केलेले नव्हते, त्यांच्या घरातले कोणीतरी करत होते, आणि बहुतेकींची हकीकत नवऱ्याचे कामाचे कपडे धुण्याची होती. हे छापून आले तेव्हा नानांना कामाला लागायला अजून आठ वर्षे होती. ही तारीख मी पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

उपचारांबद्दल मी जे लिहिते आहे, ते आमच्यासारख्या घरांनी आधी माहीत असावे म्हणून. तुकड्याच्या तपासणीवर प्रकार ठरतो, एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड किंवा दोन्हींचे मिश्रण. नुसत्या पाण्याच्या तपासणीतून पुष्कळदा निश्चित निदान होत नाही, म्हणून क्षयाची औषधे सुरू असूनही पाणी भरतच असेल तर फुप्फुसावरणाच्या बायोप्सीचा आग्रह धरावा. आईचा प्रकार एपिथेलिऑइड होता, जो त्यातल्या त्यात बरा समजला जातो. तिला पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही केमोची जोडी दिली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जोडीमुळे मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) ९.३ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेले होते, आणि तेव्हापासून हाच मुख्य उपचार ठरला. केमोच्या आठवडाभर आधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि बी-१२ चे इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर रक्तपेशी फार खाली जातात. ती गोळी किरकोळ वाटते म्हणून चुकवली जाते. ती चुकवू नये.

२०२० पासून अमेरिकेत निव्होल्युमॅब आणि इपिलिम्युमॅब या दोन इम्युनोथेरपी औषधांना, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांना, मान्यता आहे. त्यांच्या ६०५ रुग्णांच्या चाचणीत केमोच्या गटाचे मध्यम आयुर्मान १४.१ महिने होते, तर या गटाचे १८.१, आणि एपिथेलिऑइड नसलेल्या प्रकारांत हा फरक बराच मोठा होता. डॉक्टरांनी ते आम्हाला प्रामाणिकपणे सांगितले, किंमतही सांगितली, आणि ती आमच्या आवाक्यातली नव्हती. मोठ्या शस्त्रक्रियेचे काय, असे माझा भाऊ पुन्हा पुन्हा विचारत असे. ब्रिटनमधल्या मार्स-२ या चाचणीत केमोबरोबर फुप्फुसावरण काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांना नुसत्या केमोपेक्षा फायदा झाला नाही, उलट त्रास अधिक झाला. तो निकाल आई गेल्यानंतर आला. तो वाचून भावाच्या मनावरचे एक ओझे उतरले.

तिला खरा आराम दिला तो छातीत बसवलेल्या बारीक नळीने. दर दोन-तीन दिवसांनी नाना स्वतः हात धुऊन, नळीला बाटली जोडून पाणी काढत. आधी फिकट पिवळे, पुढे तांबूस. बाटली भरत आली की आई म्हणे, "अहो, पुरे आता," आणि उशीला टेकून पूर्ण श्वास घेई. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. त्याची सवय लागेल अशी भीती नातेवाइकांनी घातली, पण वेदनाशामक विभागाच्या डॉक्टरांनी ती नीट समजावून काढली. निदानानंतर चौदा महिन्यांनी ती गेली.

आता भरपाईचा विषय, ज्यासाठी मी मुख्यतः हे लिहायला बसले.

आईच्या आजारपणात नानांचाही छातीचा सीटी स्कॅन झाला. आवरणावर चुनखडीचे चट्टे आहेत आणि दोन्ही फुप्फुसांचा खालचा भाग घट्ट होत चालला आहे, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसिस आहे, असे त्यात निघाले, आणि त्यावरून नानांनी भरपाईचा दावा लावला. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ याच्या तिसऱ्या अनुसूचीत अ‍ॅस्बेस्टॉसिसही आहे आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमाही आहे. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला.) कामगार एकाहून अधिक मालकांकडे राबला असेल, तर अ‍ॅस्बेस्टॉसिससारख्या आजारात सर्व मालकांवर दावा ऐकणारे आयुक्त योग्य वाटेल त्या प्रमाणात जबाबदारी टाकू शकतात. ठेकेदारामार्फत काम केले असेल, तर कलम १२ प्रमाणे मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. कागदावर हे सगळे नानांच्या बाजूचे आहे.

अडचण येते ती काळाची. कलम १० मधली तरतूद अशी की नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर ती दिसल्याच्या दिवशी अपघात झाला असे धरले जाते. वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवणाऱ्या आजाराला दोन वर्षांची खिडकी! पुरेसे कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि आमच्या वकीलबाईंचा सगळा भर त्यावर आहे. समोरच्या वकिलांचे म्हणणे तीन मुद्द्यांत मावते. दावा मुदतबाह्य आहे, हा माणूस आमच्याकडे होता याला पुरावा नाही, आणि तो विडी ओढत होता.

विडीचा मुद्दा ऐकायला जोरदार वाटतो, म्हणून तो तपासून घ्यावा. विडी आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे खरे आहे. परंतु फुप्फुसावरणावरचे असे चट्टे विडीने येत नाहीत, आणि मेसोथेलिओमाशी तर विडीचा संबंधच नाही. आईने आयुष्यात विडीला हात लावला नव्हता.

पुराव्याचा मुद्दा अधिक कडू आहे. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला, बाधित कामगारांना एक लाख रुपये देण्याचा आदेश केला, आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांत जे उशिरा संपेल तोवर जपण्यास सांगितले. मी नानांचा हिशेब मांडला. १९७३ मध्ये ४० मिळवले की २०१३ येते. त्यांची नोंद कोणी प्रामाणिकपणे ठेवली असती, तरी निदानाच्या नऊ वर्षे आधी ती फाडून टाकायला मोकळीक होती. अर्थात ती कधी ठेवलीच गेली नाही. ठेकेदार वारला, त्याची फर्म बंद झाली. नानांकडे उरले आहे ते एवढेच: दोन जुने गेटपास, बॉयलरसमोर बारा जण उभे असलेला १९८४ चा फोटो, आणि खिशात मावणाऱ्या सात डायऱ्या, ज्यांत त्यांनी कोणत्या कारखान्यात किती हजेरी भरली आणि किती उचल घेतली ते पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. फोटोतल्या बारांपैकी चार हयात आहेत, त्यांतल्या दोघांनी साक्ष दिली.

कोणत्या मालकाकडचा तंतू छातीत रुतला, हे कोणत्याही यंत्राला सांगता येत नाही. इंग्लंडमध्ये २००२ साली फेअरचाइल्ड खटल्यात याच कारणाने दावे बुडण्याची वेळ आली होती, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायासनाने ठरवले की ज्या ज्या मालकाने मेसोथेलिओमाचा धोका लक्षणीयरीत्या वाढवला तो जबाबदार. चार वर्षांनी तिथल्या संसदेने कायदा करून अशा प्रत्येक मालकाकडून पूर्ण भरपाई वसूल करण्याची सोय केली. लीड्समधल्या आर्म्लीत वाढलेल्या जून हॅनकॉक या बाई तर कामगारही नव्हत्या. लहानपणी त्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्याशेजारच्या गल्लीत खेळत होत्या. त्यांची आई याच आजाराने गेली होती. १९९५ साली त्या कारखान्याविरुद्ध जिंकल्या आणि पुढल्या वर्षी तो निकाल अपिलातही टिकला. कारखान्याला १९३३ पासूनच हा धोका समजायला हवा होता, असे न्यायालयाने म्हटले.

आमच्या कायद्यात आईला जागा नाही. तो कर्मचाऱ्याचा कायदा आहे आणि ती कर्मचारी नव्हती. वीस वर्षे तिने त्या कामाची धूळ झटकली, पण तिची हजेरी कोणत्याच डायरीत नाही. तिच्यासाठी वेगळा दिवाणी दावा लावता येईल का, हे आम्ही विचारले. लावता येईल, पण निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा सगळा भार आमच्यावर येईल आणि नानांच्या हयातीत निकाल लागणे कठीण, असे उत्तर मिळाले. नानांनीच नको म्हटले.

ज्यांच्या घरात असे काम कोणी केले असेल त्यांनी डॉक्टरांना ते न विचारता सांगावे, आणि पास, पगारचिठ्ठी, फोटो जे असेल ते जपून ठेवावे. घरावरचे सिमेंटचे पत्रेही बहुधा पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचेच असतात. आपल्या देशात खाणकामाचे नवे परवाने १९८६ पासून बंद झाले, तरी आयात आणि वापर चालूच राहिला. अखंड पत्र्यातले तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात, ते सुटतात पत्रा कापताना, भोक पाडताना, फुटल्यावर. निफाडकडे गारपीट झाली की फुटके पत्रे झाडूने लोटताना मी पाहते. आधी पाणी मारून ओले करावेत, ओल्या फडक्याने टिपावेत आणि मुलांना लांब ठेवावे.

दाव्यासोबतचे नानांचे प्रतिज्ञापत्र वकीलबाईंनी तयार करून वाचून दाखवले, तेव्हा नानांनी त्यात एक वाक्य घालायला सांगितले. त्या म्हणाल्या, "नाना, याचा दाव्याला उपयोग नाही." नाना म्हणाले, "असू द्या." म्हणून अकराव्या परिच्छेदात, हजेरीच्या तपशिलानंतर, ते वाक्य टंकलेले आहे: कामाचे कपडे माझी पत्नी घरी धूत असे.