अँप्लिफायर, डॅशकॅम, रिव्हर्स कॅमेरा: वायरिंग कुठवर आली आणि टेस्टिंगची टूल्स कोणती ठरली

मंडळी, माझ्या गाडीत जास्तीची उपकरणं बसवायच्या कामाचं अपडेट देतोय. अँप्लिफायरची पॉवर केबल मागपर्यंत गेली, बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर बसला, डॅशकॅम फ्यूजबॉक्सवरून जोडून झाला, रिव्हर्स कॅमेरा जवळपास होत आलाय. यावेळी वायरिंगपेक्षा टेस्टिंगच्या टूल्सवर जास्त लिहितो, कारण या टप्प्यात सगळ्यात जास्त वेळ तिकडेच गेला आणि एक मत पक्कं झालं की गाडीत एका टूलवर भागत नाही. मीटर एक सांगतो, टेस्टिंगचा दिवा वेगळंच सांगतो, दोघांचं जुळलं की मगच वायर जोडायची.

मीटरपासून सुरू करू. घेताना लोक फीचर्स मोजत बसतात, तापमान, कपॅसिटन्स वगैरे, पण आपल्या कामात रोज लागतं ते डीसी व्होल्ट, मिलीव्होल्टची रेंज, पटकन वाजणारा कंटिन्युटीचा बझर (वायर अखंड असली की वाजतो तो) आणि १० अँपिअरचा फ्यूज असलेला जॅक. इनपुट इम्पीडन्स (मीटरचा स्वतःचा आतला अडथळा) १० मेगाओहम असावा, बहुतेक डिजिटल मीटरचा असतोच, म्हणजे सेन्सर किंवा मॉड्यूलच्या (गाडीतल्या छोट्या कंट्रोल युनिटच्या) वायरला लावला तरी तो जवळपास करंट खेचत नाही. डॅशबोर्डखाली उताणं पडून बघायचं असतं त्यामुळे बॅकलाइट हवाच. आणि मिन-मॅक्स, म्हणजे सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा धरून ठेवणं. हे बटण मला आता सगळ्यात कामाचं वाटतं, कारण स्टार्टर मारताना बॅटरी क्षणभर किती खाली जाते ते डोळ्याला दिसत नाही पण मीटर पकडून ठेवतो (साध्या मीटरला अगदी झटक्याची घसरण पूर्ण पकडता येत नाही, तरी अंदाज नक्की येतो). डॅशकॅम स्टार्ट करताना का रीबूट होतोय याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं. विश्रांतीतली पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास, १२.२ दाखवली की निम्मीच उरली असं धरायचं आणि आधी चार्ज करून मगच पुढची मापं घ्यायची, नाहीतर सगळी मापं फसवी निघतात.

आता दिवा. साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प जुना झाला म्हणून फेकू नका. ३ वॉटचा बल्ब १२ व्होल्टला पाव अँपिअर खेचतो, आणि तेच त्याचं बळ आहे. आतून गंजून एकच तार शिल्लक राहिलेल्या वायरवरही मीटर झकास १२ व्होल्ट दाखवतो कारण तो काही खेचतच नाही, तिथे जरा मोठा बल्ब लावला की मंद पेटतो नाहीतर पेटतच नाही. पण हाच पाव अँपिअर ईसीयूच्या (इंजिनच्या कंट्रोल युनिटच्या) किंवा एखाद्या मॉड्यूलच्या आउटपुटवर गेला तर आतला ड्रायव्हर उडू शकतो. म्हणून माझ्याकडे आता दोन आहेत, बल्बवाला फक्त फ्यूजबॉक्स आणि पॉवरच्या वायरींसाठी, एलईडीवाला बाकीकडे, तो काही मिलीअँपिअरच घेतो. शिवाय इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट दोन क्रोकोडाइल क्लिपांना जोडून ठेवलाय, तो पावणेदोन अँपिअर खेचतो. एसीसीची वायर (किल्ली फिरवल्यावरच चालू होणारी लाइन) कुठून घ्यायची ठरलं की आधी हा बल्ब लावायचा आणि बल्ब पेटलेला असताना मीटरवर बघायचं, व्होल्टेज टिकलं तर ती वायर घ्यायची. (एअरबॅगच्या पिवळ्या कपलरच्या जवळपास यातलं काहीच न्यायचं नाही, ना दिवा ना मीटरचा ओहम मोड. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी केबलींनाही हात लावायचा नाही.)

अँप्लिफायरच्या अर्थिंगवर (गाडीच्या बॉडीला जोडायच्या निगेटिव्ह वायरवर) जरा थांबतो, कारण मला या सगळ्या कामात शिकायला मिळालं ते इथे. मागे बॉडीला एक तयार बोल्ट होता, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) लावून घट्ट केला, बझर लावला तर खणखणीत वाजला, ओहम मोडवर ०.२, प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.२, म्हणजे जोड शून्य ओहमचा. कागदावर पास. पण पक्कं करायच्या आधी लोडवर व्होल्टेज ड्रॉप घेतला, म्हणजे करंट जात असताना वाटेत किती व्होल्ट हरवतात ते. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब अँप्लिफायरच्या अर्थ टर्मिनलला, आणि बासवाला टोन चालू. मीटर ०.६ व्होल्ट. क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजणारा) त्यावेळी २५ अँपिअर दिसत होते. ०.६ भागिले २५ म्हणजे ०.०२४ ओहम, आता सांगा, ज्या मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ आहे त्याला हा ०.०२४ दिसणार कसा? तरी एवढ्यानेच तिथे १५ वॉट नुसते उष्णतेत जात होते. बोल्ट काढून बघितलं तर वॉशरखाली कारखान्याचा रंग तसाच, नुसत्या आट्यांमधून करंट जात होता. थिंबलच्या आकाराएवढाच रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, घट्ट केलं, वरून गंजरोधक रंगाचा हात मारला. परत तेच माप, तोच टोन: ०.०४ व्होल्ट. ०.१ च्या आत आलं की मी अर्थ चांगली मानतो.

या मापाला मीटरची वायर मागपासून पुढपर्यंत पुरत नाही, तेव्हा कुठलीही बारीक लांब वायर घ्या, दोन्ही टोकांना क्लिपा लावा. मीटर करंट घेत नाही त्यामुळे वायर बारीक असली तरी मापात फरक पडत नाही. माझ्या मते या विकत न मिळणाऱ्या वायरीने महागड्या मीटरपेक्षा जास्त काम केलंय.

क्लॅम्प मीटर घेताना एकच गोष्ट आधी बघा, डीसी करंट मोजतो का. बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, घरातल्या वायरिंगला ठीक, गाडीत निरुपयोगी. डीसीवाल्यात हॉल सेन्सर असतो, प्रत्येक मापाआधी झिरोचं बटण दाबावं लागतं, आणि जिथे माप घ्यायचंय तिथेच धरून दाबायचं. अँप्लिफायरचे २५ अँपिअर तो मस्त दाखवतो, पण गाडी झोपल्यावरचे (बंद करून सगळी मॉड्यूल शांत झाल्यावरचे) २०-३० मिलीअँपिअर बघायला मोठ्या रेंजचा क्लॅम्प भरवशाचा नाही. डॅशकॅम जोडल्यावर बॅटरी उतरते का हे बघायला मी फ्यूज न काढता फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलीव्होल्ट घेतो. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजचा रेझिस्टन्स साधारण ७-८ मिलीओहम, म्हणजे १ मिलीव्होल्ट दिसला तर तिथून सव्वाशेच्या पुढे मिलीअँपिअर जातायत. फ्यूज उपटला की मॉड्यूल परत जागं होतं आणि सगळी वाट परत बघावी लागते, इथे ती भानगड नाही. दार उघडं असलं तरी गाडीला ते बंद वाटावं म्हणून दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवून ठेवा, किल्ली गाडीपासून लांब न्या, अर्धा तास तरी जाऊ द्या, मग मोजा. सगळं झोपल्यावर एकूण ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर बहुतेक गाड्यांना चालतं. माझी गाडी त्या आत आहे, डॅशकॅमचा पार्किंग मोड (गाडी उभी असतानाचं रेकॉर्डिंग) बंद ठेवून.

रिव्हर्स कॅमेऱ्यात वेगळीच गंमत. रिव्हर्स लाइटच्या वायरवर मीटर ७ च्या आसपास दाखवत होता आणि चित्र लुकलुकत होतं. वाटतं की वायर खराब, पण छोटा हँडहेल्ड स्कोप (व्होल्टेजची लाट स्क्रीनवर दाखवणारा) लावला तर तिथे बॅटरीएवढ्या उंचीचे चौकोनी पल्स. म्हणजे गाडीचं बॉडी मॉड्यूल दिव्याला पीडब्ल्यूएमने (भराभर चालू-बंद करून) चालवतंय आणि मीटर त्याची सरासरी दाखवतोय. हे मीटरने कधीच कळलं नसतं. आता कॅमेऱ्याला पॉवर एसीसीच्या लाइनवरून रिलेमार्फत (विजेवर चालणारा स्विच) देणार आणि रिव्हर्सची वायर पल्स सपाट करायला डायोड-कपॅसिटर लावून फक्त रिलेच्या कॉइलला.

स्कोप अँप्लिफायरचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) लावतानाही लागतो. मीटरने काम होतं, अँप्लिफायर ७५ वॉटचा आणि स्पीकर ४ ओहमचा असेल तर गुणाकार ३००, वर्गमूळ १७.३, स्पीकर सोडवून ५० हर्ट्झचा टोन लावायचा आणि एसी व्होल्ट १७.३ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. पण सिग्नल हेडयुनिटमध्येच (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टीममध्येच) क्लिप होत, म्हणजे वरून कापला जात असेल तर मीटरला पत्ता लागत नाही, स्कोपवर मात्र लाटेचं डोकं सपाट झालेलं लगेच दिसतं.

बॅक-प्रोबच्या (कपलरच्या मागून आत सरकवून माप घ्यायच्या) बारीक पिना घ्याच. वायरला टोचणारे प्रोब मी वापरत नाही, त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं हळूहळू हिरवं पडतं, दोष वर्षभराने निघतो आणि तोवर कुठे टोचलं होतं ते आठवत नाही. कपलरच्या मागून सीलच्या कडेने पिन सरकवली की काम होतं, फक्त टर्मिनल फाकणार नाही इतकी बारीक हवी.

बटण दाबून थेट १२ व्होल्ट देणारा पॉवर प्रोब मुद्दाम घेतला नाही. रिले, मोटार तपासायला उत्तम, पण आपण ज्या वायरींमध्ये हात घालतो त्यातल्या निम्म्या मॉड्यूलच्या असतात.

पुढचं काम कॅन बसचं (गाडीतली मॉड्यूल ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात ती), स्टिअरिंगची बटणं नवीन हेडयुनिटला जोडायचीत. बॅटरी सोडवून ओबीडीच्या (गाडीच्या तपासणी सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये ६० ओहम मिळाले, म्हणजे दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत. स्टिअरिंगच्या बटणांसाठीचा अडॅप्टर जोडल्यावर हेच माप परत घेणार, ४० वर आलं तर अडॅप्टरमध्ये तिसरा रेझिस्टर आहे असं समजून तो काढावा लागेल. माझा स्कोप एकाच चॅनलचा आहे, कॅन हाय आणि कॅन लो या दोन्ही वायरी एकत्र बघायला दोन चॅनलचा लागेल. कुणी हातात मावणारा दोन चॅनलचा वापरत असेल तर उन्हात स्क्रीन दिसते का आणि बॅटरी किती वेळ टिकते तेवढं सांगा.