सरदारची राखण: चौथ्या महिन्याची नोंद

कळप: 1 गावठी कोंबडा (सरदार, 14 महिन्यांचा), 7 कोंबड्या, 2 तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या).“ जागा: कुडाळजवळ, घरामागची नारळीची वाडी.

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की सरदार रोज सकाळी माझ्या पोटरीवर झेप घेतो. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून आठ दिवस हातात खराटा धरला. त्याने तो जास्तच पेटला. खराटा उगारला की त्याच्या लेखी मी भांडायला आलेला दुसरा कोंबडा. मग खराटा ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ पायरीवर बसून त्याला नुसतं बघितलं.

कोंबड्या चरताना हा मान तिरकी करून एक डोळा आभाळाकडे लावतो. घार दिसली की बारीक, लांब किंचाळी, आणि सगळ्या जास्वंदीखाली गडप. मांजर किंवा मुंगूस आलं तर आवाज वेगळा, ‘कट्-कट्-कटाक्’ असा पुन्हा पुन्हा. तेव्हा त्या लपत नाहीत, माना ताठ करून जागीच उभ्या राहतात. मध्ये दोन दिवस त्याला एकट्याला डालग्याखाली ठेवलं होतं. डोक्यावर घार फिरत होती, तरी हा गप्प. अभ्यासकांनाही प्रयोगांत हेच दिसलंय: घारीसारखी आकृती पाहून कोंबडा एकटा असताना फारसा ओरडत नाही, जवळ कोंबडी असली की ओरडतो. हे कळल्यावर त्याच्याबद्दलचा माझा राग गेला.

मग माझ्यावरचे हल्ले आठवून पाहिले. बहुतेक वेळा मी खुराड्यात वाकलेली होते, किंवा हातातली कोंबडी केकाटत होती. तो तिच्या ओरडण्याला धावून येत होता.

आता कोंबडी धरायची असेल तर काळोख पडल्यावरच, त्या बसल्या की. अंडी कळप वाडीत गेल्यावर काढते. मानेची पिसं फुलवून, एक पंख खाली घासत तो माझ्याभोवती फेर धरू लागला की मी जागीच थांबते. पळत नाही, पाय उगारत नाही. पिसं बसली आणि त्याने जमिनीवर चोच मारली की हळू पुढे निघते. कोंबड्याला उलटा धरून ‘जिरवणं’ मला पटत नाही. त्यातून तो फक्त धसका घेतो.

आज 19 दिवस झाले, माझ्यावर एकही झेप नाही. भाच्यावर मात्र एकदा गेला, पोर घाबरून पळालं म्हणून. पोटरीवर ओरखडा आला. आता माझ्याशिवाय मुलांना वाडीत सोडत नाही.

त्याच रात्री जाऊबाईंनी त्याला टॉवेलात धरलं आणि मी पायामागच्या काट्यांची टोकं कानशीने बोथट केली. फक्त टोकं, आत हाड आणि रक्त असतं, खोल गेलं तर रक्त थांबता थांबत नाही. तो पाठीवर चढताना घासून दोन माद्यांच्या पाठीची पिसं गेली होती, त्यांनाही याने आराम पडेल. एका कोंबड्यामागे 8 ते 10 माद्या ठीक, पण सरदार त्याच दोघींच्या मागे असतो. त्यांना तूर्त वेगळं ठेवलंय.

खुडूक कोंबडीखालची 11 अंडी पुढच्या आठवड्यात फुटतील. पिल्लांजवळ तो कसा वागतो ते पहिले काही दिवस जाळीआडूनच बघणार आहे.