त्सुरुगा: परक्यांना आपलं म्हणणारं बंदर

क्योतोहून थंडरबर्ड एक्स्प्रेसनं तासाभरात त्सुरुगा येतं. मार्च २०२४ पासून शिंकान्सेन ही बुलेट ट्रेनही इथवर धावते, पण बरेच प्रवासी इथं नुसती गाडी बदलतात. मी मुद्दाम उतरले, बंदराकाठचं 'पोर्ट ऑफ ह्युमॅनिटी' संग्रहालय पाहायला.

फुकुई प्रांतातल्या या बंदरातून समुद्रापलीकडच्या रशियातल्या व्लादिवोस्तोकला जहाजं जायची. १९१२ पासून तोक्योहून निघालेली रेल्वे थेट धक्क्याशी येऊ लागली. पुढे जहाज, मग सैबेरियातून युरोप. त्याच वाटेनं संकटातली माणसं इकडे आली. १९२० ते १९२२ दरम्यान सैबेरियात अडकलेली पोलंडची सातशेहून जास्त अनाथ मुलं, आणि १९४०-४१ मध्ये जीव मुठीत धरून निघालेले ज्यू. त्यांच्यातल्या अनेकांकडे लिथुआनियातले जपानी अधिकारी चिउने सुगिहारा यांनी दिलेले व्हिसा होते.

संग्रहालयात मी रेंगाळले ती एका लहानशा मनगटी घड्याळापाशी. पैसे संपलेले निर्वासित स्थानकासमोरच्या दुकानात घड्याळं विकायचे. दुकानदार पैसे द्यायचा, वर खायलाही द्यायचा. एका मुलानं सफरचंदं वाटली, एका सार्वजनिक न्हाणीघरानं त्यांच्यासाठी फुकट अंघोळीची सोय केली. गावातल्या जुन्या माणसांना विचारून या आठवणी गोळा केल्या आहेत. सुगिहारांचं नाव जगाला कळलं, ते कळायलाच हवं. पण दमूनभागून उतरलेल्या परक्याला गरम पाणी देणारं गाव मला तेवढंच मोठं वाटतं. आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यानंही १९४३ ते १९४८ या काळात हजारो पोलिश निर्वासितांना आसरा दिला. ते आपल्या मुलांना शाळेत का शिकवत नाहीत, असं तिथं राहून राहून वाटलं.

बंदरापासून थोडं आत केही या शिंतो देवस्थानाची ११ मीटर उंच, १६४५ सालची लाकडी लाल प्रवेशकमान (तोरी) आहे. हायकू लिहिणारे कवी बाशो १६८९ मध्ये इथं येऊन गेले.

आणि कोम्बू! होक्काइदोचं हे समुद्री शेवाळ पूर्वी शिडाच्या गलबतांतून त्सुरुगाला उतरायचं आणि इथून क्योतोच्या स्वयंपाकघरांत जायचं. व्हिनेगरमध्ये मऊ केलेली जाड पट्टी पायाखाली दाबून कारागीर धारदार सुरीनं ती तासतात. निघणारा पापुद्रा मलमलीसारखा आरपार दिसतो. याला ओबोरो कोम्बू म्हणतात. हातानं तासलेल्या ओबोरोचं देशातलं मुख्य केंद्र हेच. गरम उदोनवर, म्हणजे रश्शातल्या जाड नूडल्सवर, घातला की तो रश्शात विरघळू लागतो आणि आंबूस-खारी चव भांडंभर उतरते. बंदराजवळच्या दुकानांत पाकिटं मिळतात, वजनाला हलकी असतात. मी बॅगेत मावतील तेवढी घेतली.