दुसरीतल्या पोरीचा दाखला

"बाई, घरात मराठीच बोलतोय की आम्ही. शाळेत आणि कशाला?"

आज दुपारी लेकीचा दाखला न्यायला आलेली आई म्हणाली. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या याच शाळेत मी त्या आईला बाराखडी गिरवायला शिकवली होती.

पोर गप्प उभी होती. दप्तरातून पुस्तक काढून तिने टेबलावर ठेवलं. वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर स्वतःचं नाव तीन लिप्यांत: देवनागरी, कन्नड, इंग्रजी. कन्नड अक्षरांचं वळण तर फारच देखणं.

"हे मी ठेवून घेऊ, बाई?"

"ठेव गं," एवढंच बोलवलं.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असं घटनेचं कलम 350अ 1956 पासून सांगतंय. माध्यम निवडायचा हक्क पालकांचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं. दोन्ही मला पटतं. त्या आईला दोष द्यायला जीभ रेटत नाही. इथे नोकरीला कन्नड लागतं, कॉलेजला इंग्रजी. मराठी तेवढी चुलीपाशी राहील, याचीच धास्ती वाटते.

आपल्याच मराठी शाळेत इंग्रजीला एक चांगला, पूर्णवेळ शिक्षक असता, तर आज तिने दाखला मागितला असता का?